नवऱ्याच्या सहीची ओळ

मंगळवार, संध्याकाळ. मालेगाव (जि. वाशीम)

इंझोरी गावातली बायकांची बैठक चांगली झाली, पण ती एक ओळ डोक्यातून जात नाही.

बायकांना तासभर समजावलं. बाईनं योनीमार्गात बसवायची एक औषधी रिंग असते, एचआयव्हीचा धोका कमी करते, पूर्ण घालवत नाही. आपल्याकडे अजून मिळत नाही. मिळावी, म्हणून तुमची मतं वर आरोग्य खात्याकडे पाठवायची आहेत. निरोध नवऱ्याच्या मर्जीवर, ही आपल्या. त्याला विचारायचीही गरज नाही. बायका पुढे सरकून ऐकत होत्या.

मग मी मत नोंदवायचे फॉर्म वाटले. शेतातून थेट आलेल्या शोभाबाईंनी फॉर्म शेवटपर्यंत वाचला. म्हणाल्या, "ताई, नवऱ्याले इचारायची गरज नाही म्हन्ता तुमी, अन् खाली सही त्याचीच कायले मांगून राह्यल्या?"

फॉर्म मीच नसबंदी शिबिराच्या जुन्या कागदावरून उतरवला होता. तिथे ती ओळ होती, म्हणून इथेही आली. इतकी वर्षं बायकांच्या हक्काचं बोलते आणि तीच ओळ माझ्याच हातानं लिहिते? लाज वाटली. त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

"चुकलं माझं. खोडा ती ओळ," मी म्हटलं. शोभाबाईंनी माझा पेन घेतला, ओळ खोडली आणि पेन शेजारणीला दिला. तो सगळ्यांच्या हातून फिरून माझ्याकडे आला.

नवे फॉर्म छापून पुन्हा भरून घ्यावेत, असं परत येताना वाटत होतं. नाही. हे खोडलेलेच वर पाठवते. तिथले साहेब विचारतील, ही खाडाखोड कसली? सांगेन, बायकांचं पहिलं मत हेच आहे.