चादरीचा चौथा कोपरा

भवानी पेठ, पुणे
२० जानेवारी १९९८

प्रिय शालू,

तू म्हणशील, विश्रांतवाडी काय परदेशात आहे? बसने यायचं सोडून ही बाई पत्र काय लिहीत बसली? खरं आहे. गेल्या पाच महिन्यांत चारदा आले, तुझ्या पलंगाशी बसले, चहा प्यायले, आणि जे बोलायला आले होते ते तसंच घेऊन परत गेले. तुझ्यासमोर माझी जीभ उचलत नाही. म्हणून आज खातूनच्या वहीची पानं फाडून घेतली आहेत. आईने लेकीच्या वहीची पानं फाडावीत, असे दिवस आलेत.

हॉस्पिटलात आपल्या वॉर्डात सगळं तसंच चाललंय. तुळजाबाई सगळ्यांना शिव्या घालते आणि सगळ्यांची कामंही करते. तुझ्या जागी उल्का नावाची मुलगी घेतली आहे. अंगाने अगदीच किरकोळ, पण नाही म्हणायचं तिला माहीत नाही. फिजिओथेरपीच्या ताईंनी लावलेला तो तक्ता अजून भिंतीवर आहे. त्यातला माणूस गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, खोकं पोटाशी धरून उचलतो. त्याचं बरं आहे, खोकं कण्हत नाही आणि त्याला सलाईनही लावलेलं नसतं. आपण किती हसलो होतो त्याला. मग ताईंनी आपल्याला वाळूची पिशवी उचलायला लावली, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'बघा, रझियाबाईंची पाठ कशी सरळ आहे.' सगळ्यांत आधी तू टाळ्या वाजवल्यास.

शालू, माझी पाठ सरळ होती कारण ती वाकतच नव्हती.

त्याआधीच्या दिवाळीत एका आजींना मी एकटीने कमोडवरून उचललं होतं. हाक मारायला कुणी जवळ नव्हतं. कमरेत अशी चमक भरली की डोळ्यांसमोर अंधारी आली. दुसऱ्या दिवशी घरातली बादली उचलेना. आनंदीबाईचं काय झालं ते तुला आठवतच असेल. तिने कंत्राटदाराच्या माणसाला सरळ सांगितलं होतं, पाठ दुखते, आठ दिवस हलकं काम द्या. दुसऱ्या दिवशी मस्टरवर तिचं नावच नव्हतं. खातूनच्या अब्बांचं काम तेव्हा सुटलेलं, घर माझ्यावर. मी तोंड शिवून घेतलं. जुनी ओढणी पोटाला करकचून बांधायची आणि वरून साडी नेसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण ओढणी बांधून वजन उचललं जात नाही गं. पेशंटला स्ट्रेचरवरून पलंगावर घ्यायचं तर चौघींनी चादरीचे चार कोपरे धरायचे, डोक्याकडच्या जड बाजूला तू आणि मी. एक, दोन, तीन मी म्हणायची. माझा आवाज मोठा म्हणून ते माझ्याकडे आलं, असं तुम्हाला वाटायचं. मी ते मागून घेतलं होतं. आकडे म्हणणारीच्या हाताकडे कुणी बघत नाही. मी दात आवळायची, चेहरा लाल करायची, 'उचल' म्हणून ओरडायची आणि माझा कोपरा नुसता धरून ठेवायची. असं नऊ महिने केलं. तू मधूनमधून म्हणायचीस, आजकाल पेशंट फार जड झालेत. मी म्हणायची, साजूक तूप खातात बाई ते. आणि तू हसायचीस.

त्या दिवशी ऑपरेशनहून ते भलेमोठे गृहस्थ आले, तेव्हा तू म्हणालीस, वॉर्डबॉय मामा जेवायला गेलेत, त्यांना येऊ दे. मी म्हणाले, 'चौघी आहोत ना.' मी थांबा म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, रझिया, तू कशाला घाबरतेस? तेवढ्या भीतीपायी मी आकडे म्हटले. तुझ्या तोंडून फक्त 'अगं' आलं. त्यांना गादीवर टेकवेपर्यंत तू कोपरा सोडला नाहीस. मग खाली बसलीस, ती आजवर आपल्या पायांनी उठली नाहीस.

आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तू सांगतेस, चूक माझीच, मी गुडघे वाकवायला विसरले. मी शेजारी बसून मान हलवते. करून सवरून नामानिराळी. तू विसरली नव्हतीस, शालू. तू गुडघे वाकवले होतेस, पाठही सरळ होती. मी बघत होते. मला बघायला वेळ होता.

आणि मी सुधारले असंही समजू नकोस. अजून आकडे मीच म्हणते. तुझ्या जागेवर उल्का उभी असते. काल ती म्हणाली, मावशी, इथले पेशंट फार जड असतात. मी आकडे म्हणायला लागले.

परवा रविवारी अनंतभावजी घरी आले होते. तू दोनदा त्यांच्या हातून निसटलीस, आता कुणाला हात लावू देत नाहीस, असं सांगत होते. म्हणाले, 'ती म्हणते, रझियाला बोलवा, तिच्या हातून मी पडायची नाही.' रोज सकाळ-संध्याकाळ तुला पलंगावरून खुर्चीत बसवायला यायचं, एक तारखेपासून. मी हो म्हणाले. त्यांच्या तोंडावर नाही म्हणायलाही माझ्यात धमक उरलेली नाही. म्हणून हे पत्र. मी येणार नाही, शालू. आले तर तू पडशील. माफी मागत नाही, मागितली तर तू माफ करशील आणि ते मला सोसणार नाही. एकीला नको, दोघींना बोलाव. त्यांना आधी विचार, बाई, तुझी पाठ दुखते का? आणि आकडे दुसऱ्या कुणाला म्हणू देऊ नकोस. तू स्वतः म्हण.

तुझीच, असं अजून म्हणता येत असेल तर,
रझिया