दोन सीटची गाडी

शुक्रवार, २७ सप्टेंबर
नागपूरला जाऊन गाडी पाहिली. लाल. दोन दरवाजे, दोन सीट. जुनी, पण चाल इतकी कमी की आमच्या नाचणगावातल्या सायकली जास्त फिरल्या असतील. मालक डॉक्टर. फक्त रविवारी काढायचा म्हणे, तेही आभाळ पाहून. बाकी आठवडा कापडाखाली. मग देव्हाऱ्यात ठेवायची होती ना. मी म्हटलं, मी रोज चालवणार. असं पाहिलं माझ्याकडे, जसं त्याची पोरगीच मागितली.
पितरं चालू, गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून नरमला. आमच्या पितरांना गाडी चालते.

सोमवार, ३० सप्टेंबर
घेतली. वावराचा तुकडा मोठ्या रस्त्यात गेला, त्या पैशातला माझा वाटा बाबांनी ‘धंद्यात घाल’ म्हणून दिला होता. घातला.
बाबा गाडीभोवती फिरले, खाली वाकून पाहिलं. मग, “बाकीचे कुठी बसतीन?”
बाकीचे म्हणजे कोण, विचारलं. यांना गाडी म्हणजे मेटाडोर. गाव भरून यात्रेला न्यायचं.

शनिवार, ५ ऑक्टोबर
रोज चालवतोय. नाचणगाव-वर्धा, कॅमेरे बसवायच्या कामांवर. शिडी आत मावत नाही. गज्या (धंद्यात पार्टनर, अक्कल बेताची) शिडी घेऊन मोटरसायकलवर मागून येतो. म्हणे, “तू नवरदेव, मी वाजंत्री.” स्वतःच हसला.
ब्रेकर!! ज्याच्या मनात आलं त्याने दारासमोर मुरूम-सिमेंट ओतलं. तिरपी घेतली तरी पोट घासते. मागून ऑटोवाले खिदळतात. खिदळा. जन्म जाईल तुमचा त्या तीन चाकांवर.
संध्याकाळी नालवाडीत क.च्या गल्लीतून दोन चकरा. कल्याणी. पूर्ण नाव लिहिलं की पुढचं काही सुचत नाही, म्हणून क. गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. हसली नाही. पण पाहिलं. कपडा हातातच राहिला होता.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
क.चा फोन. घरी आर्वीचं स्थळ आलंय. तलाठी. फोटो पाठवला. शर्टाच्या खिशात दोन पेन. एक बिघडलं तर दुसरं, असा माणूस. आणि हिच्या बापाला तेच आवडलं असणार.
मी म्हटलं, उद्याच येऊन बोलतो. तर म्हणाली, “एकटा नको येऊ. आईबाबाले घेऊन येजो, वीस तारखेच्या रविवारी. बाबा ऐकून घेतो म्हणाले. एकदाच.”
कॉलेज काऊन सोडलं ते विचारतील, हेही म्हणाली. विचारू दे. गाडी दारात उभी असेल, तिच्याकडे बोट दाखवीन.

शनिवार, १२ ऑक्टोबर. दसरा
गाडीची पूजा. चाकांखाली लिंबं. आई कुंकवाचं बोट घेऊन बॉनेटवर स्वस्तिक काढायला लागली. ओरडलो. गल्ली जमली होती, तरी ओरडलो. रंगाला डाग पडतो, हे यांना कोण सांगणार. तिने पदराने पुसलं. नारळ फोडताना दूर जाऊन उभी राहिली.
सोनं वाटायला सगळ्यांच्या घरी गेली, मी नाही गेलो.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
परवा जायचं. माणसं तीन, सीट दोन, त्यातली एक माझी.
बाबांना बसवून पाहिलं. बसले. उतरता येईना. मी एक हात, गज्या एक हात, ओढून काढलं. पँट झटकत म्हणाले, “सोयऱ्याच्या दारात मी असा रांगत उतरू काय?”
मग आई. तर ती म्हणे, हे बसने येतील अन् मी पुढं मिरवत बसू, शोभते काय?
गज्या म्हणतो भाड्याने जीप कर. भाड्याची जीप! त्या तलाठ्याला शोभेल. शेवटी ठरलं. ते दोघं शेजारच्या पुलगावहून बसने, मी गाडीने, नालवाडीच्या वळणावर भेटायचं. तिथून सोबत. सगळं सुटतं, डोकं लावलं की.

रविवार, २० ऑक्टोबर
हात अजून काळे आहेत.
पुलगावातून निघालो तर आईबाबांची बस नेमकी पुढे. तिचा धूर खात क.च्या दारी जायचं? वळवली आतल्या रस्त्याने.
पुढच्या गावाबाहेर अर्ध्या फर्लांगावर सोयाबीन पसरलेलं. थोड्याशा ढिगासाठी थ्रेशर कोण बोलावते, टाकतात डांबरावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चाकाखाली आपोआप मळून निघते. ट्रॅक्टर गेला, बोलेरो गेली. राखण करत बसलेली बाई हात करून म्हणाली, “चालव रे बाप्पा, त्याच्यासाठीच टाकलं.”
माझी वरून जाईना. ढीग पोटाने ढकलत गेली आणि मधोमध रुतली. काड्या खाली गुंडाळल्या, जळका वास, मग धूर. पांढऱ्या शर्टात रस्त्यावर उताणा पडून काड्या उपसल्या. बाईच्या नवऱ्याने विळा घेऊन मदत केली, पण दाणे उधळले म्हणून बोलतच होता, “एवढी बुटकी गाडी कायले आणली इकडं?” ह्यांच्या बापाचा रस्ता.
पोचलो तेव्हा तिथे जेवणं आटोपली होती. आईबाबा वळणावर उन्हात वाट पाहत उभे होते, ते क.च्या वडिलांना दिसले. त्यांनीच घरात नेलं. आत बाबा आणि ते, जुने दोस्त असल्यासारखे, कापसावर बोलत होते. क.ची आई माझ्या आईला चिवडा बांधून देत होती. मी शिरलो तर सगळ्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं.
कॉलेजचं विचारलंच नाही. तयारी करून गेलो होतो. वडिलांनी खिडकीतून गाडी पाहिली, मग मला, “तुम्ही यांच्यासोबत नाई आले?” बस, एवढंच.
क.ने पाणी दिलं. वर पाहिलं नाही.
परतताना आईबाबा पुन्हा बसने. मी थांबवलं नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर
दोन दिवस फोन नाही. बाबा म्हणतात माणसं चांगली आहेत. गज्याला विचारलं तर तो शिडी पुसत बसला. याला कोणी पार्टनर केला? मीच.
आत्ता क.चा मेसेज.
“बाबानं तलाठ्याले अजून होकार नाई दिला. मले एक सांग. त्या दिवशी बसमध्ये तुझ्या आईले बसायले जागा भेटलीती काय?”
हे काय विचारणं आहे. लग्नाचं बोल ना.
मागून पाहिली होती मी ती बस. दारात माणसं लटकून राह्यली होती.
काय लिहू तिला? भेटली म्हणून टाकू?
आई आत भाकरी थापून राह्यली आहे. विचारून येतो.