पाचव्या खुंट्याखालची बावडी

मी पांडुरंगराव सावळाराम दळवी, वय एकाहत्तर, पूर्वी ग्वाल्हेर संस्थानच्या घोडदळात दफेदार, नंतर किला गेटजवळच्या चकती मैदानाचा जमादार, हल्ली पेन्शनर, राहणार हजीरा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असेही लिहायचे असते. पण ते खोटे होईल. मी भीतीने लिहीत आहे. अक्षर वाकडे आले तरी ते माझेच समजावे.

१. हजीऱ्याचे दोन खोल्यांचे घर माझी पत्नी विजयाबाई हिच्याकडे तहहयात राहावे, तिच्यामागे मुलगा रमाकांत याच्याकडे. पुढच्या महिन्यात नवे राज्य होते आहे आणि रमाकांतची कचेरी भोपाळला जाते आहे. म्हणून घाईने घर विकू नये. आठ वर्षांत हे दुसऱ्यांदा राज्य बदलते आहे, घर आहे तिथेच आहे.

२. पोस्टातली शिल्लक विजयाबाईची. तलवार रमाकांतची. त्याने ती जन्मात उचलून पाहिली नाही. भोपाळच्या खोलीत निदान टांगून ठेवावी.

३. चकती मैदान माझ्या मालकीचे नाही. पण त्याचे गुणदोष माझ्याइतके कोणाला ठाऊक नाहीत, म्हणून ते मागे ठेवतो. लाकडाची, चामड्याने मढवलेली चकती हाताने फेकायची आणि कमीत कमी फेकींत खुंट्याला लावायची, असा आमच्या रिसाल्याचा खेळ. खुंटे नऊ. पहिला सरळ आणि जवळ, म्हाताऱ्यांनाही जमतो. तिसरा उत्तम, कडुनिंबाची सावली असते आणि किल्ल्याचा कडा वारा अडवतो. चौथ्यावर संध्याकाळी ऊन डोळ्यांत येते, हा दोष. सातवा तर वाईटच. उतार थेट नाल्यात जातो, किती चकत्या गेल्या मोजदाद नाही. आठवा, नववा ठीक. पाचव्याबद्दल पुढे लिहितो.

४. जगदेवराव सुर्वे, माझ्याच रिसाल्यातले. त्यांच्याशी आठ वर्षे माझा अबोला आहे. अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात पाचव्या खुंट्याशी त्यांची चकती पडली आणि ढब् असा आवाज झाला. ते चारचौघांत म्हणाले, "पांडुरंगा, तुझं मैदान पोकळ आहे रे! खाली काय पुरून ठेवलंयस?" मी म्हणालो, "पोकळ झालाय तुमचा हात. पुन्हा इथे पाऊल टाकू नका." लोक हसले. जगदेवराव गेले ते आलेच नाहीत. त्यांचे म्हणणे खरे होते, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

५. आता पाचवा. पंचवीस वर्षांमागे मैदान आखले, तेव्हा जागा आठच खुंट्यांची निघाली, आणि मी वरच्या साहेबांना नऊ सांगून बसलो होतो. मध्ये एक कोरडी बावडी होती, पाच पुरुष खोल. भरायला महिना लागला असता. खेळ पाहायला येणारे संस्थानचे पाहुणे आठ दिवसांवर आलेले. मी तिच्या तोंडावर लाकडी तुळया टाकल्या, वर फरशा, वर हातभर माती, आणि हरळी लावून मोकळा झालो. नंतर भरू म्हटले. ते राहूनच गेले.

संस्थान विलीन झाले, मध्य भारत झाला, तेव्हा सरकारी मालमत्तेची यादी करायला एक कारकून आला. त्याने विचारले, "दफेदार साहब, कुएँ कितने?" मी म्हणालो, "एक." विहिरी होत्या दोन. सरकारी बावडी हुकमाशिवाय झाकली म्हणून नवे साहेब पेन्शन बंद करतील, या धास्तीने दुसरीचे नाव तोंडातून निघाले नाही. तेव्हापासून ती कुठल्याही कागदावर नाही.

या पावसाळ्यात पाचव्यापाशी जमीन चार बोटे खचली. मी मुरूम टाकून चोपली. दसऱ्याला पुन्हा खचली. काल फरशांच्या सांध्यात काठी खुपसली तर ती मुठीपर्यंत आत गेली, आणि सुटलेल्या खड्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. तुळयांना वाळवी लागली असणार.

६. मैदान आता मुलींच्या शाळेला मिळाले आहे. नव्या राज्याच्या दिवशी तिथे कवायत आहे. तालीम उद्या सकाळी आठला. एकशेवीस मुली उड्या मारणार. आज जेवताना माझी नात शरयू म्हणाली, "आजोबा, मी सबसे आगे! पाचव्या खुंट्याजवळ चुन्याचा गोल काढलाय ना, मला तिथेच कूदायचंय."

माझा घास हातातच राहिला. विजयाबाईने विचारले, "अहो, काय झालं?" मी म्हणालो, "मिरची लागली." आणि उठून हा कागद घेऊन बसलो. जे तोंडाने सांगायचा धीर नाही ते मेल्यावर तरी कळावे, म्हणून.

विजयाबाई मागे येऊन उभी राहिली ते मला कळले नाही. तिने सगळे वाचले. मग म्हणाली, "म्हणजे हे तुम्ही गेल्यावर उघडायचं? आणि उद्या आठ वाजता पोरगी उडी मारेल तेव्हा तुम्ही इथेच असाल ना, चांगले धडधाकट?"

मी म्हणालो, "मला फार भीती वाटते गं. पेन्शन जाईल. खटला करतील. जगदेवराव काय म्हणतील!"

"घाबरा हवं तेवढं," ती म्हणाली, "पण चपला घाला आणि चला."

७. सबब कलम पाच व सहा माझ्या मरणाची वाट न पाहता आजच अमलात आणली आहेत. आधी जगदेवरावांच्या दारी गेलो, मग शाळेच्या मुख्याध्यापिका लीलाताई यांच्याकडे. दोघांना मैदानावर आणून हा कागद मोठ्याने वाचून दाखवला. घरची सगळीच मागोमाग आली होती. जगदेवरावांनी एक धोंडा उचलून पाचव्याच्या दिशेने भिरकावला. धोंडा पडला आणि जमिनीला चाकाएवढे भोक पडले. चुन्याचा अर्धा गोल आत गेला. शरयू माझे धोतर धरून उभी होती. मी तिचे मनगट इतके आवळले की ती रडायला लागली.

रमाकांत आणि जगदेवराव यांनी बाकीचे आठ खुंटे उपटून त्या जागेभोवती लांबवर गाडले आणि दोरी बांधली. मैदान संपले. बावडी दगडांनी भरून घ्यावी. त्यासाठी माझे पेन्शन कापले तर घरच्यांनी रदबदली करू नये.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे रमाकांत सांगतो. म्हणून माझी पितळी कडेची चकती जगदेवरावांना आत्ताच हातात दिली आहे. त्यांनी घेतली.

सही: पांडुरंगराव सावळाराम दळवी

साक्षीदार १: लीलाताई. "समक्ष ऐकले. उद्याची तालीम रद्द. सरकारला आजच लिहिते, बरोबर दफेदारांनी यावे."

साक्षीदार २: जगदेवराव सुर्वे. "समक्ष ऐकले. आठ वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर मीच दगड वाहिले असते, गाढवा."

स्थळ: किला गेट, चकती मैदान, पाचव्या खुंट्यापासून वीस पावले. त्याहून जवळ मी कोणाला जाऊ दिले नाही.

तारीख: २१ ऑक्टोबर १९५६, रविवार, दिवस मावळायच्या आत.