बॅटरी हेल्थ : गुड

७ एप्रिल २०२५, सोमवार. दर्यापूर

आजपासून ही वही. नवी नोकरी, नवं गाव, नवी खोली, सगळं एकाच दिवसात आलं, तेव्हा लिहून ठेवायलाच हवं.

हिवरखेडहून सकाळची एसटी धरली, अकोटला उतरले आणि पुढे जीपच्या मागच्या बाकावर मांडीवर गादीची वळकटी घेऊन इथवर आले. बाबा स्टँडवर सोडायला आले होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला, तेव्हापासून त्यांना एकटं ठेवायला माझं मन धजत नव्हतं. त्यांनीच समजूत घातली. "डॉक्टरनं मशीनचे नऊ वर्षं सांगतले ना व गीता? मंग? तू जाय बिनघोर. फक्त सकाळ-संध्याकाळ फोन करत जाजो." फोन चुकवायचा नाही, या अटीवर निघाले.

काम मला आवडणार असं दिसतं. माती तपासणीची खाजगी प्रयोगशाळा आहे. वावरात जायचं, खड्डा करून मातीचा नमुना घ्यायचा आणि तिथूनच फोनवर खड्ड्याचा फोटो चढवायचा. ठिकाण आणि वेळ फोटोवर आपोआप उमटते. आमचे साहेब मनोज सर यांनी एकच नियम सांगितला : फोटो नाही, तर नमुना रद्द.

खोली बसस्टँडच्या मागच्या लेआउटमध्ये आहे, सुभद्राकाकूंच्या नव्या स्लॅबच्या घरात, वरच्या मजल्यावर. काकू पासष्टीच्या आहेत हे सांगूनही पटत नाही. माझी वळकटी त्यांनी एका हाताने उचलून वर नेली. मागे परसात त्यांचा झेंडू आणि वांगी आहेत. रोज अकरा ते दोन त्या बाजारात फुलं विकतात. या खारपाण पट्ट्यात, खाऱ्या पाण्याच्या जमिनीत, असा झेंडू येतो हे मी बघितलं नसतं तर मानलं नसतं, आणि मी झेंडूवाल्याचीच मुलगी. त्यांचे यजमान किसनराव खालच्या खोलीत बाजेवर पडून असतात. दोन वर्षं झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल, पण उठवत नाही.

काकूंनी माझ्या गालावर हात ठेवला. "आली ना पोरी? बरं झालं. घर कसं रितं वाटून राह्यलं होतं."

११ एप्रिल

फोनने वैताग आणला आहे. सकाळी उठते तेव्हा शंभर टक्के. काकू चहा घेऊन येतात, पलंगावर टेकतात, माझ्या केसांना तेल लावतात, गप्पा मारतात. खाली उतरते तेव्हा बेचाळीस! काल बारा वाजता शेषराव नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात फोन बंद पडला. खड्डा तयार, माती पिशवीत, फोटो नाही. आज परत गेले, परत तेच. बिचारा दोन्ही दिवस डोक्याला रुमाल बांधून वावराच्या कडेला धुऱ्यावर उभा. शेवटी म्हणाला, "म्याडम, तुमी माती पाहाले आल्या का फोन पाहाले?"

सरांनी चार नमुने रद्द केले.

१५ एप्रिल

स्टँडसमोर ललितचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. शांत माणूस. त्याने आधी सेटिंगमध्ये जाऊन कोणतं ॲप किती बॅटरी खातं ते दाखवलं. सगळ्यांची बेरीज केली तरी अकरा टक्के. मग कॉल करतो तिथे स्टार हॅश स्टार हॅश चार सहा तीन सहा हॅश स्टार हॅश स्टार असा नंबर दाबला, तर आपोआप एक पान उघडलं. तापमान बत्तीस, व्होल्टेज ठीक, आणि बॅटरी हेल्थ : गुड.

म्हटलं, गुड काय गुड? रोज बंद पडतो. ललित म्हणाला की या पानावर बहुतेक गुडच येतं, बॅटरी फार तापली किंवा पार मेली तरच शब्द बदलतो. खरं माप हवं तर एक ॲप आहे. ते आठवडाभर चार्जिंगवर नजर ठेवतं आणि मूळच्या पाच हजारांपैकी बॅटरीत आता किती मावतं ते सांगतं. त्याने ते माझ्या फोनमध्ये टाकून दिलं.

२४ एप्रिल

ॲपचा निकाल : चार हजार सहाशे. म्हणजे ब्याण्णव टक्के. म्हणजे बॅटरी ठणठणीत. म्हणजे मीच येडी.

तरी मी हट्टाने नवी बॅटरी टाकून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर, चहा झाल्यावर सदतीस. दुकानात जाऊन ललितवर ओरडले. त्याने फोन ठेवून घेतला, दिवसभर काचेखाली चालू ठेवला आणि संध्याकाळी समोर धरला. अठ्ठ्याण्णव. "ताई, माया दुकानात तं हा पयलवान हाय. तुमी घरी काय करता याले?"

मला रडू आलं, रागाने.

२६ एप्रिल

जे जे कोणी सांगितलं ते केलं. ॲप काढली. लोकेशन बंद, नेट बंद, विमानाचं चिन्ह लावलं. काल तर फोनच बंद करून उशाशी ठेवला. नव्वदवर बंद केलेला, चालू केला तर एक्कावन्न! बंद फोनची बॅटरी कोण खातं? पॉवर बँक आणली, तीही सकाळी रिकामी. मनगटी घड्याळही परवा चार वाजून दहा मिनिटांवर थांबलं.

सरांनी आज सगळ्यांसमोर सुनावलं. आतापर्यंत अकरा नमुने रद्द. पेरणीआधी लोकांना अहवाल हवेत, आणि मी चार्जरच्या वायरी घेऊन फिरते.

दमायला फार होतं. जिना चढले की दोन मिनिटं उभी राहते. ऊनच तसं आहे, त्रेचाळीस.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

काकू काल सकाळी अकोल्याला लग्नाला गेल्या, परवा येतील. किसनरावांना डबा देण्याचं काम माझ्याकडे.

आणि फोन? काल सकाळी शंभर, संध्याकाळी घरी आले तेव्हा चौसष्ट. दिवसभर फोटो काढून! आज सुट्टी, फोन नुसता पलंगावर पडलेला : शंभर, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. दर तासाला वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहिला. बाबांशी अर्धा तास बोलले. त्यांचा झेंडू लग्नसराईत चांगला गेला.

दुपारी डबा द्यायला खाली गेले तर बाज रिकामी. किसनराव ओसरीत खुर्चीवर बसले होते. स्वतः चालत आलेले. दोन भाकरी खाल्ल्या आणि आणखी मागितली. मी म्हटलं, काका, आज तब्येत छान दिसते. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं.

"हो पोरी. ते घरी नाई ना."

'ते' म्हणजे काकू. नवरा-बायकोचं काही असेल म्हणून मी पुढे विचारलं नाही.

२ मे

काकू आल्या. जिन्यातच मला मिठी मारली, शेजारी बसवून लग्नातला लाडू भरवला. "वाळली व माय तू." फोन माझ्या हातात होता, म्हणून दिसलं. चौऱ्याण्णव. लाडू संपेपर्यंत चाळीस. पडद्यावर काही उघडलेलं नाही, फोन गरम नाही. आकडा नुसता उतरत होता, फुटक्या बादलीतलं पाणी उतरावं तसा.

खाली गेले. किसनराव बाजेवर. डोळे उघडे.

मागचं पान आणि आधीच्या नोंदी काढून आकडे जुळवले. काकू घरी नसतात तेव्हा फोन टिकतो. काकू चहा घेऊन येतात तेव्हा उतरतो. प्रत्येक वेळी. एकही आकडा वेगळा नाही.

हे कोणाला सांगायचं? ललितला सांगितलं, तो हसला, मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "ताई, तुमी रक्त तपासून घ्या, चेहरा पांढरा पडला."

३ मे

दुसरी खोली शोधली. एकट्या मुलीला कोणी देईना. तोवर फोन तरी वाचवावा म्हणून ऑफिसातच चार्जिंगला लावून कपाटात ठेवला. उद्या रविवार, परवा मिळेल. बाबांना ललितच्या फोनवरून सांगायला गेले, तर दुकान बंद, सोमवारीच उघडणार. काकूंकडे तर फोनच नाही.

५ मे

कपाटाची किल्ली उशिरा आली, दुपारी फोन हातात आला. बाबांचे एकवीस मिस्ड कॉल. लावला तर त्यांचाच बंद.

संध्याकाळी घरी आले. बाबा ओसरीत बसलेले.

दोन दिवस फोन लागला नाही म्हणून पहिल्या गाडीने निघाले होते. अकरापासून इथे. काकू आज बाजारात गेल्याच नाहीत. पाहुणा आला म्हणून शेजारी बसून राहिल्या. झेंडूवर गोष्टी चालल्या होत्या, कोणतं बी, किती पाणी. काकूंचा चेहरा नुसता फुललेला. बाबांचे ओठ करडे. म्हणाले, ऊन लागलं वाटते. त्यांचा मोबाईल हातात घेतला. बंद. सकाळी पूर्ण भरून निघाले होते.

मी वर आले. चार्जर शोधत होते त्यांच्या फोनसाठी. किती मूर्ख आहे मी. महिनाभर फोन, फोन, फोन—

त्यांच्या छातीत बॅटरी आहे.

६ मे. अमरावती

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. काल तशीच खाली धावले, बाबांना उठवलं. काकू म्हणाल्या, "राहू दे ना त्यायले, जेवून जातीन." मी त्यांचा हात बाबांच्या मनगटावरून ओढून काढला. रिक्षा केली. वलगावच्या पुढे बाबांनी मान टाकली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत सुटला.

इथे एका मुलीने बाबांच्या छातीवर यंत्र धरून आतलं पेसमेकरचं मशीन वाचलं. मग त्याचं कार्ड मागितलं. मग परत वाचलं. तिने विचारलं, हे खरंच गेल्या वर्षी बसवलंय? हे तर संपलेलं दाखवतंय.

उद्या बदलणार.

८ मे

नवीन बसलं. बाबा उठून बसले, चहा मागितला. आशाआत्या इथे राजापेठेत राहते, तिच्याकडे नेते. तिथेच ठेवणार. बाबांना खरं सांगितलं नाही. सांगू तरी काय?

मला मात्र आत्याकडच्या चार पायऱ्यांनाही धाप लागते. फोन तीन दिवस झाले, मस्त चालतो.

१० मे. दर्यापूर

माझी सगळी मूळ प्रमाणपत्रं खोलीत आहेत. एकदाच जायचं. काकू अकरा ते दोन बाजारात असते, त्या वेळात. आत्याला सांगून आले, तीनपर्यंत परत येते.

सव्वाअकराला पोचले. फाटकाशी चपलांचा ढीग.

किसनराव गेले. परवा.

सुतक. म्हणजे काकू बाजारात गेलेली नाही.

ओसरीत पाहुणे. दहा-बारा. सगळे झोपलेले. भर दुपारी, भिंतीला टेकून, तोंड उघडं, एक बाई हातात वाटी धरून तशीच. मी कोणाच्या तरी पायाला अडखळले, कोणी हललं नाही.

काकू दिसली नाही. वर आले. फाइल घेतली. कडी लावून घेतली होती— का लावली? भीतीने.

जरा बसले.

बारा असतील.

उठता येत नाही. फोन ऐंशी होता फाटकाशी. आता बंद. आत्याला लावणार होते.

जिन्यावर पाय वाजले. भरभर. तरण्या पोरीसारखे.

दार वाजवलं नाही. दाराला टेकून बसली आहे. बांगड्या वाजत नाहीत, काढलेल्या, तरी ओळखू येते. बोलते आहे. गोड बोलते आहे.

"मी काईच करत नाई व पोरी. हे गेले त्यायच्या आनेनं. मले फक्त मानूस जवळ लागते."

रडते आहे. खरंच रडते आहे. मलाही वाईट वाटतं तिचं—

पलंग भिंतीकडे ओढायचा होता. दारापासून दूर. दोन बोटं सरकला.

पेन जड.

डोळे

कोणी ही वही बघेल त्याने— आशाबाई, राजापेठ, अमरावती— बाबा तिथे आहेत, त्यांना सांगा

बाबा, फोन लागला नाही तरी तुम्ही इकडे ये