व्हिक टायफॉइडचा डावा डोळा

सोमवार, २२ जुलै

अनर्थ. बायकोचा, ग्लेनिसचा, भाजीचा वाफा ज्या बागवाल्यांच्या सोसायटीत आहे तिच्या फाटकावर नोटीस लागली आहे. सप्टेंबरचं भाजीपाला प्रदर्शन. कांदे आणि गाजरं यांचे परीक्षक: श्री. व्हिक्टर ऑलसॉप. खाली बारीक अक्षरांत, पूर्वी 'ब्लॉक्ड ड्रेन्स' या पंक-रॉक बँडचे गायक.

म्हणजे व्हिक टायफॉइड! सत्याहत्तर साली ज्यानं राणीच्या नावानं शिमगा केला, स्टेजवर स्वतःचीच गिटार करवतीनं कापली, तो आता कांद्याच्या मानेची जाडी मोजणार. कुठे नेऊन ठेवलंय आमचं पंक!

निर्णय: बहिष्कार. ग्लेनिसला तसं ठणकावून सांगितलं. बरं, म्हणाली, पण टेबलं उचलायला तेवढा ये.

मंगळवार, २३ जुलै

विचार बदलला. बहिष्कार टाकायचा तो ज्यांना इतिहासात जागा नाही त्यांनी. मला आहे.

नोंद राहावी म्हणून लिहून ठेवतो. मे १९७७. स्टेशनसमोरच्या पबचा वरचा मजला. त्या काळी बँड आवडला की पब्लिक त्याच्यावर थुंकायचं. आजच्या पोरांना सांगितलं तर नाकं मुरडतात, पण आमचे हारतुरे तेच. मीही थुंकलो. व्हिकच्या थेट डाव्या डोळ्यात. डोळा सुजला, डॉक्टरनं पट्टी बांधली, पट्टीसकट फोटो छापून आला आणि महिन्याभरात अर्धं लंडन डोळ्यांना पट्ट्या बांधून फिरायला लागलं. पंकला चेहरा कुणी दिला? मी.

ग्लेनिस तेव्हा टायपिंगच्या क्लासातली नुसती ओळखीची मुलगी. फार उकडत होतं म्हणून तिनं कोट माझ्याकडे दिला होता. दोन्ही हातांत बाईमाणसाचा कोट, तरी नेम चुकला नाही.

निर्णय: ७ सप्टेंबरला व्हिकसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, तो मीच.

शुक्रवार, २६ जुलै

माळ्यावरून लेदर जॅकेट काढलं. पाठीवर पांढऱ्या रंगात 'क्लाइव्ह कॉलरा' अजून शाबूत. हे नाव मी स्वतःच घेतलं होतं. कुणी कधी त्या नावानं हाक मारली नाही, ती गोष्ट वेगळी. चेन लागत नाही. वीतभर कमी पडते. लेदर आटतं, हे सर्वांना माहीत आहे.

तरी आजपासून बिस्किटं बंद.

दुपारी चार. एक बिस्किट. चहा नुसता पिणं पित्ताला वाईट.

रविवार, ४ ऑगस्ट

पबमध्ये लेनला योजना सांगितली. लेन पोस्टात होता, तीस वर्षं माझ्या बाजूच्या स्टुलावर बसतो. म्हणाला, क्लाइव्ह, तुझी थुंकी आधी गालावर बसली होती. मग भुवईवर आली. डोळ्यात कधी गेली? मी म्हटलं, पहिल्यापासून डोळाच. म्हणाला, तू बसलेली पाहिलीस का? मी म्हटलं, त्या धुरात कोणाला काय दिसणार! म्हणाला, मग बाबा, नेम कसा धरलास?

मत्सर. दुसरं काय.

बुधवार, १४ ऑगस्ट

ब्लॉक्ड ड्रेन्सचे बाकीचे कुठे आहेत ते इंटरनेटवर शोधत बसलो. ड्रमर म्हाताऱ्यांची पायाची नखं कापून देतो, दवाखाना आहे त्याचा. गिटारवाला न्हाणीघराच्या फरशा विकतो. फोटोत हसतोय, मागे बेबी पिंक फरशी. बास गिटारवाला तीन वर्षांपूर्वी गेला. त्याचं मला खरंच वाईट वाटलं. तो कधी कुणाकडे बघायचा नाही, नुसता बुटांकडे बघत वाजवायचा. मी आरशासमोर तसाच उभा राहायचो.

मन रमवायला वाफ्यावर गेलो. ग्लेनिस आलुबुखार खात कांद्यांभोवतीचं तण काढत होती. बिया तोंडातूनच बादलीत टाकते. बादली पार कंपोस्टच्या ढिगापाशी, तरी प्रत्येक बी टण्. मी म्हटलं, शोभतं का या वयात? म्हणाली, कोण बघतंय!

मंगळवार, २० ऑगस्ट

उरलेले केस हिरवे केले. डब्यावर पाचूचा रंग होता, डोक्यावर उकडलेल्या वाटाण्याचा आला. समोरच्या मिसेस थ्रिपनं ग्लेनिसला हळूच विचारलं, डॉक्टर काय म्हणतात?

प्रदर्शनापर्यंत टोपी.

रविवार, १ सप्टेंबर

मुजऱ्यादाखल व्हिकसमोर एकदा थुंकावं का? अंगावर नाही. बाजूला, मानानं. परसात सराव केला. पहिली बुटावर. दुसरी हनुवटीवर. तिसऱ्या वेळी जोर लावला तर वरची कवळीच सुटली आणि गुलाबाच्या झुडपात गेली. वारा उलटा होता.

कवळी ग्लेनिसनं शोधून दिली. पायरीवर बसून इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मी म्हटलं, हसतेस काय, थुंकून दाखव. एकदम उठली आणि आत भांडी घासायला गेली. हरली की तिचं असंच.

निर्णय: मुजरा रद्द. नुसते शब्द.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

भाषण पाठ. सुरुवातीचे शब्द: सत्याहत्तर, पब, डावा डोळा. मग थांबायचं. पुढचं त्याला आठवेलच.

ग्लेनिस स्वयंपाकघरात कांद्यांच्या माना सुतळीनं बांधत होती. तीन कांदे, तिन्ही एका मापाचे, त्यांना बाळांसारखं टॉवेलात ठेवलंय. मी म्हटलं, उद्या तुला कळेल आपला नवरा कोण आहे ते. तिनं सुतळी खाली ठेवली. म्हणाली, क्लाइव्ह, राहू दे ना. कशाला जुनं उकरून काढतोस? तू गोष्ट सांगतोस, लोक ऐकतात, छान चाललंय की.

माझ्यापेक्षा तिलाच जास्त धास्ती. बिचारी.

शनिवार, ७ सप्टेंबर, सकाळ

जॅकेट चढवलं. चेन लागली नाही, म्हणून पुढे सेफ्टी पिना लावल्या. सगळ्या नीट बंद केल्या होत्या, तरी एक टोचते आहे. टोचू दे. पंक आहे.

शनिवार, संध्याकाळ

झालं ते असं.

परीक्षण हॉलच्या बंद दाराआड चालतं. आम्ही सगळे बाहेर रांगेत. दार उघडलं तेव्हा ग्लेनिसच्या कांद्यांना दुसरा नंबर. पहिला मिसेस थ्रिपला, आणि माना पाहिल्या तर तो सरळ अन्याय आहे. मग चहा. व्हिक टायफॉइड खुर्चीत बसून केक खात होता. स्वेटर, दोरी लावलेला चष्मा, दोन्ही डोळे शाबूत. मला एकदम रडू येईलसं वाटलं. त्याच्या जागी मला तो बावीस वर्षांचाच दिसत होता.

टोपी काढली. म्हटलं, सत्याहत्तर. पब. डावा डोळा. आणि थांबलो.

त्यानं केक खाली ठेवला. म्हणाला, अरे देवा, ती रात्र! हॉलमधली सगळी डोकी आमच्याकडे वळली. लेन पण आला होता. मी छाती पुढे काढली आणि एक पिन उघडली.

व्हिक म्हणाला, त्या थुंकण्याचा आम्हाला वीट आला होता हो. माझी आई शर्ट धुऊन धुऊन थकली. पण तुम्हा पोरांचा नेम भिकार. अर्धं तर तुमच्याच पुढच्याच्या मानेवर. आयुष्यात एकच नेमबाज पाहिली. पहिल्या रांगेत होती, हिरवे मोजे, पुढच्या दातांत फट. फटीतून जीभ काढली आणि सपकन! ती पट्टी नसती तर मला कुत्र्यानंही विचारलं नसतं. खूप शोधली तिला. आभार मानायचे होते.

मी म्हणायला गेलो की तुमची काही चूक होते आहे. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्यामागे ग्लेनिस किटली घेऊन उभी होती, कानापर्यंत लाल. व्हिक उठला. म्हणाला, तूच ना गं? फट तीच आहे! ती म्हणाली, हो. डोळ्याचं सॉरी हं. आणि त्यानं तिला मिठी मारली. किटलीसकट. लेननं टाळ्या सुरू केल्या.

मग व्हिकनं मला नीट पाहिलं. म्हणाला, थांबा. हिच्या शेजारी एक पोरगा होता. त्या राड्यात हिच्या कोटाची नीट घडी घालून छातीशी धरून उभा. आम्ही गाडीत किती दिवस हसत होतो.

रविवार, ८ सप्टेंबर

सकाळी ग्लेनिसला विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस?

टोस्टला लोणी लावत म्हणाली, दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर तू मला सांगायला आलास की तो नेम तुझा. इतका खूश होतास की श्वास घेत नव्हतास. म्हटलं, उद्या सांगू. उद्या तू फुलं घेऊन आलास. मग राहूनच गेलं. आणि तू सांगतोस तेव्हा फार छान सांगतोस रे.

टोस्ट खाल्ला. नंतर एक बिस्किट.

दुपारी तीन. व्हिक खाली आला आहे. तिला त्याच्या गावच्या प्रदर्शनाला न्यायचं म्हणतो, कांदे घेऊन. दोघं वाफ्यावर निघाली आहेत. बीचा नेम दाखवते म्हणत होती.

नोंद: व्हिक टायफॉइडला मी इतक्या वर्षांनंतरही आठवतो. असं लंडनमध्ये किती जणांना म्हणता येईल? लेनला हे सांगायला हवं.

ऊन वाढलं आहे. खालून ग्लेनिसची हाक आली. कॉलरा, म्हणाली, खाली ये, माझा कोट धर.