शिधा आणि शिजवलेलं

ता. २ मार्च

चि. भाऊजींस वहिनीचा आशीर्वाद, आणि त्यामागोमाग थोडी कुरकुर.

काल दुकानातून महिन्याचं सामान आलं. पिठाचं पोतं, साखर, तेलाचा डबा, मसूर, मीठ आणि डझनभर अंडी, त्यातलं एक फुटलेलं. सगळं मिळून सातशे चाळीस, वर कर एकोणसाठ. फुटलेल्या अंड्यावरही कर लावलाय. हिशेब मांडताना हे कराचे पैसे कुठल्या रकान्यात घालावेत ते मला आजवर कळलेलं नाही. देवाला दिले म्हणावं तर तसं नाही, चोरीला गेले म्हणावं तर तुम्ही स्वतः सभागृहात बसलेले.

म्हणून परवा पेपरात वाचलं की शिध्यावरचा कर काढून टाकायचं तुमच्या समितीने सुचवलंय, तेव्हा आधी देवासमोर हात जोडले आणि मग ह्यांना झोपेतून उठवून बातमी वाचून दाखवली. धाकट्याने काहीतरी केलं खरं, असं म्हणून तुमचे दादा कूस बदलून परत झोपले. शेजारच्या बाईंना मी मुद्दाम चहाला बोलावून सांगितलं. चहात साखरही पुरेशी घातली.

तो आनंद आज संपला. सकाळी वन्संच्या खानावळीत गेले होते. तुमच्या ताईंचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, रागावल्या की बोलत नाहीत, पुसतात. माझ्यासमोर एकच टेबल पुसपुस पुसलं आणि मग विचारलं की बातमीचा खालचा भाग वाचलास का. मी वाचला नव्हता. शिध्याची तूट भरून काढायला म्हणे शिजवलेल्या अन्नावरचा कर शेकडा आठाचा सोळा होणार.

त्यांच्याकडे जेवतं कोण, तर मालधक्क्यावरचे हमाल आणि शिवणकारखान्यातल्या मुली. ज्या खोल्यांत राहतात तिथे घरमालक स्टोव्ह पेटवू देत नाही. ताट महाग केलं तर ही माणसं एका वेळेवर येतील, आणि नाही केलं तर खानावळच बंद करावी लागेल. पुढच्या महिन्यासाठी जेवायला नवी माणसं घेणं वन्संनी थांबवलंय. नवरा गेल्यापासून त्या खानावळीवरच उभ्या आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

भाऊजी, शिधा म्हणजे ज्याची अजून विस्तवाशी गाठ पडलेली नाही ते. ज्याच्याकडे विस्तवच नाही त्याने तुमच्या बिनकराच्या पिठाचं काय करायचं?

लोभावर अजून कर बसलेला नाही, तेव्हा तो हात राखून करू नये.

तुमची
वहिनी


ता. ७ मार्च

ती. वहिनीस सा. न., तोही जरा जास्तच वाकून, कारण पुढचं ताठ मानेने लिहिता येणार नाही.

'शिधा' हा शब्द माझाच. मसुद्यात आधी 'अन्न' होतं. मी म्हटलं, तसं ठेवलं तर पांढऱ्या टेबलक्लॉथची हॉटेलंही त्यातून सुटतील. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला मी फार हुशार वाटलो. तेव्हा ताई डोक्यातच आली नाही असं लिहिलं तर तुला पटायचं नाही. आली होती, आणि म्हणूनच गप्प बसलो. खानावळी वगळा असं मी म्हणायचा अवकाश, मागच्या बाकावरून कोणीतरी विचारणार की बहिणीकडे जेवण फुकट मिळतं का. निवडून आल्यापासून मी एक गोष्ट सांभाळली, घरच्यांसाठी कधी काही मागितलं नाही. तेवढीच एक अब्रू आहे.

आणि तुझ्या रकान्याविषयी. ते पैसे चोरीला जात नाहीत. लहान दवाखान्यांतल्या रात्रपाळीच्या नर्सेसचे पगार त्यातून होतात. कर काढला तर हे पगार कुठून करणार, असं विरोधक विचारतात. तो प्रश्न खोटा नाही.

सभागृहात चर्चा एकवीस तारखेला आहे. त्या दिवशी मी आजारी पडायचं ठरवलंय. फार काही नाही, साधा ताप. हजरच नसलो की कोणाला बोट दाखवता येणार नाही. हे ताईला सांगू नकोस.

दादाला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
धाकटा


ता. ११ मार्च

चि. भाऊजींस आशीर्वाद. तब्येतीस जपावे, विशेषतः एकवीस तारखेला.

आपल्या घरात पत्र आलं की फोडायचं आणि फोडलं की मोठ्याने वाचायचं, आधी डोळ्यांखालून घालायचं नाही, ही रीत तुमच्या आईंची. तुमचं पत्र आलं तेव्हा वन्सं पातेली परत करायला आल्या होत्या, हे खुर्चीत होते, आणि मी चष्मा लावून उभी राहिले. अब्रूपर्यंत आवाज जरा खाली आला, पण तोवर थांबणंही अवघड झालं होतं. 'हे ताईला सांगू नकोस' हेही मी पूर्णविरामापर्यंत खणखणीत वाचलं. मॅट्रिकला वाचनात माझा पहिला नंबर होता, तो हा असा कामी आला.

हे छताकडे बघत बसले. वन्संनी तापाचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग इतक्या हसल्या की पदर डोळ्यांना लावावा लागला, आणि शेवटी नक्की हसतच होत्या की काय ते मला सांगता येणार नाही. मग लेखणी मागितली. त्यांची चिठ्ठी सोबत आहे.

नर्सेसचं मला खरंच माहीत नव्हतं. माझ्याकडून चोरीचा शब्द मागे.

तुमची
वहिनी

(सोबतची चिठ्ठी)

धाकट्या, आशीर्वाद. ताप येणार असल्याचं आगाऊ कळलं.

मी तुझी बहीण आहे हे मागच्या बाकावरचा सांगेल तर ती कुजबुज. तू उभा राहून सांगशील तर ती माहिती. माझ्यासाठी मत देऊ नकोस, खरंच देऊ नकोस. पण मत न देणाऱ्यालाही तोंड असतं. कारखान्यातली एक मुलगी दुपारचं अर्धं ताट कागदात बांधून नेते, रात्रीसाठी. तिला हॉटेलात बसणारी कोणी ठरवली ते तेवढं विचार. नर्सेसचे पगार टेबलक्लॉथवरून काढा, माझ्या बाकांवरून नको.

तापात जेवायला आलास तर पैसे घेईन.

ताई


ता. २२ मार्च

ती. वहिनीस आणि ताईस मिळून एकच नमस्कार, भांडून वाटून घ्यावा.

ताप आला नाही. उभा राहिलो आणि पहिलंच वाक्य बोललो की माझी सख्खी बहीण खानावळ चालवते, म्हणून या कलमावर मी मत देणार नाही. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले होते, ते तोंड उघडून तसेच खाली बसले. त्यांच्यासाठी काही उरलंच नव्हतं. मग स्टोव्ह नसलेल्या खोल्यांचं सांगितलं, कागदात बांधलेल्या अर्ध्या ताटाचं सांगितलं आणि बाहेर येऊन शिपायाच्या स्टुलावर बसलो.

आत काय झालं ते नंतर कळलं. विरोधी बाजूला एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, माझं एकही वाक्य त्यांनी कधी न खोडता सोडलेलं नाही. त्यांनीच दुरुस्ती मांडली. लहान खानावळींचं जेवण शिध्यातच धरावं, वाढीव कर फक्त मोठ्या हॉटेलांवर बसवावा, आणि नर्सेसचे पगार अडू नयेत म्हणून शिध्यावरचा कर दोन टप्प्यांत काढावा, अर्धा यंदा, अर्धा पुढच्या वर्षी. त्यावर मतदान अठ्ठावीसला. माझं मत नाही, त्यामुळे काठावरचं आहे. पण आशा धरायला जागा आहे, आणि हे मी उगाच लिहीत नाही.

वहिनी, तुझ्या पोत्यावर म्हणजे अजून वर्षभर कर आहे. रागावू नकोस.

तुझा
धाकटा


ता. २५ मार्च

चि. भाऊजींस आशीर्वाद, या खेपेला कुरकुर वजा करून.

पत्र आल्यापासून ह्यांनी ते सगळ्या गल्लीला सांगितलंय. शिपायाच्या स्टुलावर बसलेला आमदार माझा भाऊ, असं म्हणतात आणि मग समोरच्याने काही बोलायच्या आत घसा खाकरतात. माझं म्हणाल तर वर्षभर मी अर्धा कर भरीन आणि त्याबद्दल पूर्ण बोलीन. रात्री नर्सबाईंना झोपता येत नसतं तेव्हा माझे चार पैसे तिथे जागे आहेत, असं मी मनाला सांगितलंय. मनाला पटलंय, हाताला पटायला वेळ लागेल.

वन्सं अठ्ठावीसपर्यंत थांबल्या नाहीत. काल शिवणकारखान्यातल्या तीन नव्या मुली महिन्याच्या जेवणाला ठेवून घेतल्या. ह्यांनी समजावलं की निकाल तर लागू दे, तर म्हणाल्या की त्या मुलींना भूक आजच लागली आहे. देवाला मी माझं म्हणणं सांगितलंय, आता मोजणी त्याच्याकडे.

एक राहिलं. त्या मुख्याध्यापिकाबाईंना वन्संनी जेवायला बोलावलंय. मतदानानंतर, आदल्या दिवशी मुळीच नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं, आणि निकाल कुठल्याही बाजूने लागला तरी. तुम्हीही या. बाई तिखट खातात की नाही, तेवढं उलट टपाली कळवा.

तुमची
वहिनी