भाईंनी ठेवलेला नारळ

नागपूर, १२ डिसेंबर

तीर्थरूप बाबा,

ऋत्विकचा नमस्कार. मी बरा आहे, आईने दिलेला स्वेटर घालतो. फोन केला असता, पण भाई सतत शेजारी असतात.

वेगळ्या कोकण राज्यासाठी अधिवेशनासमोर धरणे धरून बसण्याची भाईंची ही एकोणिसावी वेळ. यंदा मंडपात आम्ही चौघेच आहोत. काल एका पक्षाची माणसे त्यांना उमेदवारी देऊ करून गेली. भाई नाही म्हणाले नाहीत. मग मला म्हणाले, “तुझ्या बापाला इचार, माझा नारळ हाय का रे अजून देवळात?”

राज्य होईपर्यंत निवडणूक लढवणार नाही, असे बोलून त्यांनी देवापुढे ठेवलेला तोच नारळ. मी म्हटले, “असेल.” ते म्हणाले, “मग त्यानंच उचलावा नि मला शब्दातून सोडवावा. माझा हात नाय धजायचा.”

पोलादपूरच्या रास्ता रोकोत मोडलेला तुमचा हात थंडीत दुखतो का? त्या हाताने हे करा, असे सांगायला मला जड जाते. पण भाई फार थकलेत.

उचलवत नसेल, तर नारळ उंदरांनी नेला असे लिहा. मी ते त्यांना वाचून दाखवीन.

तुमचा,
ऋत्विक